लवंगेच्या वाटीतलं कार्ड

अहो, तुमची मशीन काल रफीकभाई पारोळ्याला घेऊन गेले. तसं तुम्हीच सांगून ठेवलं होतं, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. जाता जाता ते एक वाक्य बोलून गेले आणि त्या वाक्यावरून मला तुमच्याशी भांडायचं आहे. पण गोष्ट मधूनच सुरू केलेली तुम्हाला कधी चालली नाही. "पहिलेपाईन सांग," म्हणायचात. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

आपलं लग्न ठरलं तेव्हा असोद्याला माझ्या माहेरी सगळ्यांना एकच काळजी. जन्मापासून न दिसणाऱ्या माणसाबरोबर ही दिवसभर बोलणार तरी काय? मला हसू यायचं. दिसणाऱ्या नवऱ्यांच्या बायका असं काय मोठं बोलतात? तुम्ही धुळ्याच्या सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर, मी शाळेत मराठी शिकवणारी. दिवसभर तुमच्या कानात लोकांचे आवाज आणि माझ्या तोंडात धडे-कविता. संध्याकाळी खरं तर दोघांनीही गप्प बसायला हवं होतं. पण पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या पिशवीतलं वाचनालयाचं पुस्तक चाचपून बाहेर काढलंत, दोन्ही हातांवर तोलून पाहिलंत आणि विचारलंत, "हाई कितला दिन पुरी?" मी म्हटलं, वाचणारी एकटी असेल तर चार दिवस, ऐकणारा असेल तर पंधरा. तुम्ही म्हणालात, मग पंधरा दिवसांचं काम सुरू कर.

ते काम पुढे कित्येक वर्षं चाललं. शाळेतून आल्यावर चहा, मग भाकरी टाकून घ्यायच्या आणि तुम्ही रिक्षातून उतरलात की वाचन. उन्हाळ्यात गच्चीवर, थंडीत आतल्या खोलीत. मी वाचताना साड्यांची आणि डोंगरांची वर्णनं गाळायची, कारण तुम्हाला त्यांचा काय उपयोग असं मला वाटायचं. तुम्हाला बरोबर कळायचं. पानाच्या आवाजावरून एक उलटलं की दोन हे तुम्ही सांगायचात आणि मग मुकाट्याने मागे जाऊन तो डोंगर वाचावा लागायचा. पुस्तकात वकील आला की मी आमच्या असोद्याच्या तलाठ्याचा आवाज काढायची, सासू आली की कोणाचा काढायची ते इथे लिहीत नाही. तुम्ही हसून हसून खुर्चीत आडवे व्हायचात. एकदा कादंबरीतल्या एका सुनेवरून आपला दोन दिवस अबोला होता. ती घर सोडून गेली हे तुम्हाला पटलं नव्हतं, मला पटलं होतं. शेजारच्यांना वाटलं, घरात काहीतरी मोठं झालं. तसं मोठंच झालं होतं म्हणा. ते भांडण अजूनही मिटलेलं नाही आणि माझं मत तेच आहे.

मग माझा घसा बसला. पन्नास-साठ पोरांच्या वर्गावर ओरडून दुसरं काय होणार? डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि घशात गाठी आहेत म्हणून सांगितलं. शाळेपुरतं बोला, घरी मौन पाळा. मौन हा शब्द ऐकून तुम्ही डॉक्टरांना विचारलंत की हे औषध आधी कुठे होतं. थोड्याच दिवसांनी, न दिसणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून तुम्ही ती मशीन मिळवलीत.

तळहातावर मावेल एवढी होती. हाताला लागतील अशी उंच बटणं, आणि कडेला एक बारीक फट. त्या फटीत मेमरी कार्ड सरकवायचं. टपालाच्या तिकिटाएवढं ते कार्ड, पण एकेका कार्डात पुस्तकांचं कपाटच्या कपाट. कुठल्या कुठल्या गावच्या माणसांनी मोठ्याने वाचून भरून ठेवलेली पुस्तकं. कार्ड आत गेलं की टक् असा आवाज व्हायचा आणि मशीन बोलायला लागायची. पुस्तक कुठे थांबलं होतं ते तिच्या लक्षात राहायचं, म्हणजे खूण घालायलाही माझी गरज नाही. पहिल्या दिवशी ती सुरू करून तुम्ही माझ्याकडे तोंड वळवलंत आणि म्हणालात, "बाई, तुना घसाले आते सुट्टी."

तुम्ही किती आनंदाने म्हणालात. मी पण हसले. माहेरी फोन करून सांगितलं, ह्यांनी दुसरी केली, आणि ती माझ्यापेक्षा बरी आहे, न थकता बोलते. वहिनी खूप हसली. सवतीबद्दल अशी थट्टा केली की लोकांना आपलं बरं चाललंय असं वाटतं.

सुरुवातीला तुम्ही तिला साध्या वेगाने ऐकायचात. मग तुम्हाला वेगाचं बटण सापडलं. दर महिन्याला तुम्ही तो थोडा थोडा वाढवत गेलात आणि शेवटी त्या मशीनमधून माणसाचा आवाज येईनासा झाला. नुसतं चिर्रचिर्र. मला वाटायचं आत चिमण्या कोंडल्यात. तुम्हाला मात्र त्यातला शब्द अन् शब्द कळायचा, नको तिथे हसायचात, मधेच "अरेरे" म्हणायचात. मी एकदा म्हटलं, जरा हळू लावा, मलाही ऐकू द्या. तुम्ही लावलंत. दोन मिनिटांत तुमचा पाय हलायला लागला. "हाई त बैलगाडी शे," म्हणालात आणि पुन्हा चिर्रचिर्र. मी म्हटलं, एवढी घाई कसली, पुढच्या गावाला कोणी वाट बघतंय का? त्यावर तुम्ही वेग आणखी एका टप्प्याने वाढवलात. आपलं दुसरं न मिटलेलं भांडण ते हे.

कार्डं वाढत गेली तशी ओळखायची पंचाईत झाली. सगळी सारखी गुळगुळीत. त्यांच्यावर ब्रेल उमटवायला जागा नाही आणि मी पेनाने नावं लिहून ठेवली तर ती तुम्हाला काय कामाची? मग मी गमतीत म्हटलं, माझा जुना मसाल्याचा डबा घ्या. तुम्ही गंमत खरी केलीत. डबा गोल असल्यामुळे फिरला की कुठली वाटी पहिली ते कळेना, म्हणून एकेका वाटीत एकेक मसाला ठेवायचा असं तुमच्याच डोक्यातून निघालं. लवंगेच्या वाटीत कादंबऱ्या, वेलदोड्याच्या वाटीत प्रवासवर्णनं, मिरीत राजकारण. हळकुंडाच्या वाटीत संतांचं वाङ्मय, कारण हळद सोवळ्याची. "आज काय ऐकताय?" विचारलं की तुम्ही म्हणायचात, "लवंगमातलं."

हळकुंड ठेवलं खरं, पण त्या वाटीत आधी वर्षानुवर्षं हळदपूड असायची. एका पावसाळ्यात मशीन मुकी झाली. आग्रा रोडवरच्या रिपेअरवाल्याने ती उघडली आणि आपल्या दोघांकडे बघत राहिला. म्हणाला, काका, हिच्या पोटात हळद कशी? तुम्ही म्हणालात, नवी नवरी आहे, अजून उतरली नाही. त्याने ब्रशने झाडून दिली आणि त्याचं सगळं टेबल पिवळं झालं. घरी येईपर्यंत आपण रिक्षात हसत होतो. मला तेव्हा वाटलं होतं की हसणं अजून आपल्या दोघांचं आहे, तेवढं पुरे.

पण पुरे नव्हतं. वर्षभराने माझा घसा बरा झाला. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल बोला. मी ते घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "भलं व्हयनं," आणि कानात इअरफोन घातलेत.

त्यानंतर मी वाट पाहिली. तुम्ही मागाल म्हणून. निवृत्तीनंतर तर आपण दोघं दिवसभर घरातच. दोन खुर्च्या, दोन्ही तुमच्या अंधशाळेतल्या दोस्ताने, रफीकभाईंनीच विणून दिलेल्या, मध्ये कूलरचा घरघराट. तुमच्या कानात चिर्रचिर्र आणि माझ्या मांडीवर उघडं पुस्तक. मी मुद्दाम पान जोरात उलटायची. ज्या माणसाला एकाच्या जागी दोन पानं उलटलेली कळत होती, त्याला हे कळत नसेल असं मी कसं मानायचं? कधी कधी विनोदी जागा आली की मी मोठ्याने हसायची, तुम्ही विचाराल म्हणून. तुम्ही तुमच्या पुस्तकात हसत असायचात. एका खोलीत दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींवर हसत बसली आहेत, हे बाहेरून कोणी पाहिलं असतं तर त्याला संसार सुखाचा वाटला असता. होताही. पण त्या खोलीत मला जेवढं एकटं वाटलं तेवढं आयुष्यात कुठे वाटलं नव्हतं. आत्तापर्यंत तरी नव्हतं.

मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, तुम्ही मला सोडवलंत की सोडलंत? घशाची काळजी म्हणून ती मशीन आणलीत, की तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं वाचणारं कोणीतरी मिळालं? हे विचारायला सोपं होतं. पण इतकी वर्षं संसार झाल्यावर असलं काही विचारलं की माणूस म्हणतो, आज तुला काय झालंय? म्हणून राहून गेलं.

शेवटच्या वर्षात साखरेने तुमची बोटं बधिर केली. बटणावरचे उंचवटे लागेनासे झाले. आयुष्यभर ज्या बोटांनी पाहिलंत तीच गेली. तुम्ही त्याबद्दल एकदाही रडला नाहीत आणि मला तेच सोसवायचं नाही. कार्ड मी घालायची. खाच उजवीकडे, टक् होईपर्यंत दाबायचं, हे तुम्ही मला पोराला शिकवावं तसं शिकवलंत. मनात यायचं, आता म्हणतील, राहू दे बाई ती मशीन, तूच वाच. तुम्ही म्हणायचात, लवंगमातलं लाव. मी लावायची. इअरफोन तुमच्या कानात नीट बसवून द्यायची आणि समोर बसायची.

दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी चांगले बोलत होतात. दूध प्यायलात, वांगी महाग झाली का विचारलंत आणि मग अगदी वांग्यांच्याच आवाजात म्हणालात, "मना मांगे हाई मशीन रफीकले दी टाकजो. त्यानी बिघडेल शे." मी म्हटलं, त्यांची बिघडली तर दुरुस्त होईल, काहीतरी बोलू नका. त्यानंतर आपलं धड बोलणं झालंच नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. लेक सुरतेला चल म्हणत होती. मी म्हटलं, येते नंतर. खरं कारण तिला सांगितलं नाही, ती काळजीत पडली असती. मला मशीन द्यायच्या आधी तुमच्या वेगाने ऐकायला शिकायचं होतं. कार्ड आतच होतं, लवंगेच्या वाटीतलं शेवटचं. वेगाचं बटण मला ठाऊक होतं. दोन-चारदा दाबलं असतं तर सगळं सरळ ऐकू आलं असतं. पण मग तुमचा वेग मोडला असता आणि तो नेमका केवढा होता हे मला पुन्हा कधी जुळवता आलं नसतं. घरात तुमचं म्हणून तसंच्या तसं राहिलेलं तेवढंच होतं. कपडे धुतले गेले होते, खाट उचलून ठेवली होती.

म्हणून रोज दुपारी जेवण झालं की मी तुमच्या खुर्चीत बसून इअरफोन घालायची. डोळे मिटायची. चिर्रचिर्र. पहिले काही दिवस डोकं दुखलं, बाकी काही नाही. मग एक दिवस एक शब्द कळला. "म्हणाली." मी दचकून उठलेच. पुन्हा ऐकलं. पुन्हा "म्हणाली." कादंबरीत तो शब्द सारखाच येतो ना, म्हणून कानाला तो आधी सापडला असावा. मग रोज तोच. कोणीतरी काहीतरी म्हणाली. कोण, काय, कोणाला, काही पत्ता नाही. एवढ्या शिकवणीतून मला एक शब्द आला, आणि तोही असा की ज्यात काही सांगितलेलंच नसतं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना नापास करत आले, म्हातारपणी स्वतः झाले.

काल रफीकभाई आले. एकटेच, पारोळ्याहून एसटीने. कंडक्टरने स्टँडवर रिक्षात बसवून दिलं म्हणे. शेवभाजी केली होती. तुमच्याशिवाय त्यांना जेवण जाईना, पण ताटात टाकवेना म्हणून सावकाश संपवलं. जेवून तुमच्या खुर्चीवर हात फिरवला आणि म्हणाले, भाभी, दोरी सैल झाली, पुढच्या वेळी येऊन ओढून देतो. मी बरं म्हटलं. त्यात कोण बसणार आहे हे त्यांनाही माहीत होतं.

मी मशीन त्यांच्या हातात दिली, मसाल्याचा डबा दिला, कुठल्या वाटीत काय ते सांगितलं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि एकेक वाटी बोटाने चाचपून पाहिली. मग इअरफोन काढून मशीन मोठ्याने सुरू केली. चिर्रचिर्र ऐकून ते मान हलवायला लागले. "तो ऐके तितलं तेज माले नही जमस," म्हणाले आणि सहज, अगदी सहज, वेगाचं बटण दाबत गेले. टुक. टुक. टुक. मी त्यांचा हात धरणार होते, पण तोवर झालं होतं.

आणि चिमण्यांमधून एक बाई निघाली. चाळिशी-पन्नाशीची असावी. बोलण्यावरून नागपूरकडची वाटली. साधी वाचत होती, वकिलाचा आवाज नाही की सासूचा नाही. वाक्याच्या शेवटी तिला जरा धाप लागायची. पान उलटल्याचा आवाज आला. मग मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, ती थांबली, शिट्टी संपू दिली आणि पुन्हा वाचायला लागली. एवढी वर्षं मी जिला सवत म्हटलं ती ही. कुकर लावून कोणा अनोळखी माणसांसाठी वाचत बसलेली. मला तिचा राग येईना. उलट वाटलं, हिला विचारावं, बाई, तुमचा घसा कसा आहे?

मी रफीकभाईंना म्हटलं, असं छान ऐकू येतं, मग हे एवढ्या वेगाने का लावायचे? शाळेपासूनचे तुमचे दोस्त, तुमचं सगळं त्यांना माहीत. ते हसले. म्हणाले, मीपण त्याला हेच विचारलं होतं.

"तो म्हने, आवाज ऐकाले मना घरमा बाई शे. मशीनमाईन फक्त गोष्ट काढी लेवानी."

त्यांच्या दृष्टीने ती जुनी गंमत होती. मशीन पिशवीत घातली, डबा रुमालात बांधला, मी स्टँडपर्यंत गेले, गाडीत बसवून दिलं. परत येताना रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, कुठे सोडू. मला पत्ता आठवायला वेळ लागला.

आता भांडते. पारोळ्याच्या रफीकभाईंना हे माहीत होतं आणि समोरच्या खुर्चीतल्या मला नाही? कचेरीत शेकडो माणसांचे आवाज ओळखणारे तुम्ही, मशीनमधल्या सगळ्यांचे आवाज पुसून टाकत होतात, त्यांच्याकडून नुसती गोष्ट घेत होतात. का, तर आवाजाची जागा भरलेली होती. मग ती जागा रिकामी का ठेवलीत? मागायचं होतं ना. घशाला पुन्हा काही होईल अशी भीती वाटली? झालं असतं तर झालं असतं, घसा माझा होता. की मीच कंटाळले असेन, शाळेत दिवसभर वाचून पुन्हा घरी कशाला, असं तुमचं तुम्हीच ठरवून टाकलंत? की मी आपणहून पुस्तक उघडीन आणि वाचीन म्हणून तुम्हीही वाट पाहत होतात? हा शेवटचा विचार मला सहन होत नाही. कूलरच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकमेकांची वाट पाहायची आणि त्यात इतकी वर्षं घालवायची, इतकं शहाणपण आपल्यालाच सुचू शकतं.

आणि तरीही खरं सांगते, काल घरी येऊन आधी रडले ती दुःखाने नाही. बरं वाटलं म्हणून. तुम्ही मला सोडलं नव्हतंत. राग नंतर आला, चहा करताना, आणि तो अजून गेलेला नाही. दोन्ही एकाच घरात नांदतायत आणि त्यांना सोबत मी एकटी.

आज घरात काहीच बोलत नाही. चिर्रचिर्रसुद्धा नाही. म्हणून सकाळपासून हे लिहायला बसले. लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी किती मूर्ख आहे. तुम्हाला कागदाचा कधी उपयोग होता? दुसरं कोणी हे वाचेलही, तुम्ही नाही. तेव्हा दार लावून घेतलंय. कूलर बंद केलाय, गरम झालं तर होऊ दे. माझी खुर्ची तुमच्या खुर्चीपुढे ओढली आहे, हेच कागद हातात घेतलेत, घसा खाकरून पाहिला, ठणठणीत आहे.

तुम्ही मागितलेलं नाही. तरी वाचते.